गंजीवरचें ऊन

रंगांविषयीं बोलावयाचें आणि रंग मात्र दाखवावयाचा नाहीं, अशी अट घालूनच नभोवाणीनें मला या ध्वनिक्षेपकासमोर बसविलें आहे. श्रोत्यांपैकीं कांहींना ही थट्टा वाटेल. मला ती तशी वाटत नाहीं. चित्र शिकणाराची पहिली अडचण हाताची नसून डोळ्यांची असते, आणि डोळ्यांना वळण लावण्याचें बरेंचसें काम शब्दांनीं होऊं शकतें, असा माझा मास्तरकीच्या धंद्यांतला अनुभव आहे.

आजचा विषय जलरंगांतील निसर्गचित्राचा, आणि त्यांतही एका विशिष्ट रीतीच्या निसर्गचित्राचा आहे. त्या रीतीला युरोपांत 'इम्प्रेशनिझम' म्हणतात. आपल्याकडील जाणकारांनीं तिला 'दृक्प्रत्ययवाद' असें भारदस्त नांव दिलें आहे. नांव जड असलें तरी वस्तु सोपी आहे. त्या क्षणीं डोळ्यांना जें दिसलें तें, मनाला आधींपासून जें ठाऊक असतें त्याची भेसळ होऊं न देतां, कागदावर उतरविणें, इतकाच त्याचा अर्थ.

मी चित्रकार नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलेला व तेथेंच केस पिकवून बाहेर पडलेला मास्तर आहें. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांत घाटनांदूर नांवाचें गांव आहे. परळीहून विकाराबादच्या बाजूस जाणाऱ्या गाडीनें ज्यांनीं प्रवास केला असेल त्यांना तेथलें स्टेशन कदाचित् आठवेल. निवृत्त झाल्यापासून दर रविवारीं आळींतलीं पांच-सात मुलें बरोबर घेऊन मी गांवाबाहेर चित्रें काढावयास बसतों, एवढाच या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार.

या मुलांना पहिल्या दिवशीं 'आपल्या गांवाचें चित्र काढा' म्हणून सांगितलें, कीं दहा मिनिटांत साऱ्या कागदांवर एकच गांव उगवतें. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडींतून डोकावणारा किरणांचा सूर्य, तेथूनच उतरणारी निळी नदी, नदीच्या कांठीं कौलारू घर आणि घरापुढें वाकलेलीं नारळाचीं दोन झाडें! आमच्याकडे नारळ शोधावा लागतो. आमचीं घरें कौलारू नाहींत. जुनीं माळवदाचीं, नवीं पत्र्याचीं नाहीं तर सिमेंटाचीं. डोंगर म्हणावे तर ते बालाघाटाचे, सपाट माथ्याचे, आडवे पसरलेले. शहरांतील सुशिक्षित घरांतलीं मुलें तरी निराळें काय काढतात? तेच डोंगर आणि तेच नारळ. हें चित्र प्रथम कोणी शिकविलें कोण जाणे. पण तें पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे, आणि त्यांतली खरी हानि अशी कीं, तें काढतांना मूल एकदांही मान वर करून समोर पाहत नाहीं.

मुलांचें सोडा. थोरामोठ्यांचाही प्रश्न ठरलेला असतो: 'तुमच्या त्या उजाड मुलखांत चित्र काढण्यासारखें आहे तरी काय?' काश्मीर असावें, महाबळेश्वर असावें, निदान कोंकणचा समुद्र तरी असावा, अशी समजूत. या प्रश्नाचें उत्तर मला द्यावयाचें आहे, परंतु त्यासाठीं थोडें दूर, फ्रान्सपर्यंत जावें लागेल.

पॅरिसमध्यें १८७४ सालीं कांहीं तरुण चित्रकारांनीं, सरकारी प्रदर्शनाच्या दाराशीं तिष्ठत राहण्याचा कंटाळा येऊन, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेंत स्वतःचें प्रदर्शन भरविलें. त्यांत क्लोद मोने याचें ल हाव्र बंदराचें एक चित्र होतें. धुकें, पाणी, दोन-तीन होड्यांच्या पुसट आकृति आणि नारिंगी सूर्य. नांव 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लुई लेरुआ नांवाच्या टीकाकारानें या नांवाची टर उडवून त्या सगळ्या मंडळीलाच 'इम्प्रेशनिस्ट' ठरविलें, आणि पुढें त्या मंडळीनें तेंच नांव मिरविलें. त्या प्रदर्शनाला २०२४ सालीं दीडशें वर्षें पुरीं झालीं.

याच मोनेनें १८९० व १८९१ सालीं आपल्या जिव्हर्नी गांवाजवळच्या शेतांतल्या धान्याच्या गंजी रंगविल्या. एक नाहीं, दोन नाहीं, पंचवीसच्या आसपास चित्रें, आणि विषय गंज. सकाळची गंज, भर दुपारची गंज, बर्फांतली गंज, मावळतीची गंज. एकाच बैठकींत अनेक पट जवळ ठेवावयाचे आणि ऊन पालटलें कीं पट पालटावयाचा, असा त्याचा क्रम असे. त्यांपैकीं पंधरा चित्रें १८९१ च्या मे महिन्यांत पॅरिसला एकत्र मांडलीं गेलीं, आणि ज्या मोनेची पूर्वीं हेटाळणी झाली होती त्याचीं चित्रें घेण्यास गिऱ्हाइकें पुढें आलीं.

घाटनांदूरच्या माणसाला ही हकीकत ऐकून हंसूंच यावयाचें. गंज ही आमच्या शिवारांतली नित्याची वस्तु. फाल्गुनांत ज्वारी काढून झाली, कणसें खुडलीं, कीं कडब्याच्या पेंढ्या रचून खळ्याच्या कडेला गंज उभी राहते. अलीकडे सोयाबीननें ज्वारीचें पुष्कळ रान व्यापलें आहे, तरी ज्याच्या दावणीला जनावर आहे तो कडबा राखतोच. म्हणजे जगभर नांवाजलेल्या चित्रमालिकेचा विषय आमच्या पांदीच्या तोंडाशीं उभा होता, आणि आमचीं मुलें नारळ काढीत होतीं!

हें फ्रेंच कलम आपल्या मातींत लागतें कीं नाहीं, अशी शंका कोणास आली तर तिचें उत्तर कोल्हापुरानें देऊन ठेवलेलें आहे. आबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले आणि पुढें शाहू महाराजांच्या पदरीं राहिलेले चित्रकार. कोटितीर्थाच्या परिसरांत त्यांनीं फार साधें व एकलकोंडें आयुष्य काढलें, आणि तें तळें, रंकाळा, तेथला संध्यामठ, असे हाकेच्या अंतरावरचे विषय ते पुनःपुन्हां रंगवीत राहिले. १९३१ सालीं ते वारले. त्यांच्या उत्तर वयांतील निसर्गचित्रांचें या फ्रेंच रीतीशीं जवळचें नातें आहे, असें जाणकार मानतात. ज्यांना कोल्हापुरास जाण्याचा योग येईल त्यांनीं देवदर्शनानंतर अर्धा तास टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयासाठीं काढावा. इंदुरासही मराठी माणसानेंच असें एक रोप लावलें. तेथें देवळालीकर मास्तरांच्या हाताखालीं नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णु चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन अशीं मंडळी तयार झालीं. बेंद्र्यांचीं सुरुवातीचीं निसर्गचित्रें पाहिलीं कीं, उन्हाला किती रंग असतात तें कळतें.

आतां एक खरी अडचण सांगितली पाहिजे. मोने आणि त्याचे सोबती मुख्यतः तेलरंगांत काम करीत. तेलरंग जाड असतो. काळ्यावर पिवळा ठेवला तरी तो पिवळाच दिसतो. उजेड द्यावयाचा राहून गेला तर शेवटीं आणून चिकटवितां येतो. जलरंगाचा स्वभाव याच्या उलट. त्यांत मुख्यतः रंगाची पूड व बाभळीच्या कुळांतल्या झाडाचा डिंक असतो. पाण्यानें पातळ केलेला तो थर रंगीत काचेसारखा पारदर्शक होतो, आणि त्यांतून जो उजेड आपल्या डोळ्यांकडे येतो तो खालच्या पांढऱ्या कागदाचा असतो. पांढरा रंग येथें कुंचल्यांत नाहीं, कागदांत आहे. तो एकदां झांकला कीं गेला. तेव्हां ही रीत पाण्यांत उतरवावयाची तर क्रमच फिरवावा लागतो. तेलरंगांत उजेड शेवटीं ठेवतां येतो. जलरंगांत तो सर्वांच्या आधीं राखून ठेवावा लागतो. कुंचला भिजविण्यापूर्वीं 'मी काय रंगविणार नाहीं' हें ज्याला सांगतां येतें, त्याचें अर्धें चित्र झालें. माझें आजचें मुख्य म्हणणें एवढेंच आहे.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे. त्याच्या प्रती तुम्हीं घरोघरीं पाहिल्या असतील. पुष्कळ लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात, आणि त्याहून पुष्कळ लोक तें तेलरंगांतलें समजतात. तें हळदणकरांचें आहे आणि जलरंगांतलें आहे. ज्योतीपुढें धरलेल्या बोटांतून जो तांबूस उजेड पाझरतो तो कागदाच्या पांढरेपणावर उभा आहे. तें निसर्गचित्र नव्हे हें खरें. परंतु उजेड राखणें म्हणजे काय, हें पाहावयास दुसरें इतकें सोपें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

साहित्याविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण नवशिके दुकानांत फार रमतात. रंग देशी चालतात. दांडेकरांनीं १९३१ सालीं शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनची पेटी शाळकरी दप्तरांत असतेच, तिनें आरंभ करावा. पुढें नळ्या घ्यावयाच्या तर सहा पुरेत: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, अलिझरीन क्रिमझन, लेमन यलो, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएन्ना. शेवटच्या दोन नांवांना बिचकूं नये; ऑकर म्हणजे आपली पिवडी आणि सिएन्ना म्हणजे गेरूची चुलत बहीण. काळा रंग पेटींतून काढून कोणास तरी देऊन टाकावा. कुंचले दोन: एक इंचभर रुंद चपटा, आणि एक जाड पण चांगल्या टोंकाचा गोल. बारीक कुंचला जवळ असला कीं माणूस पानें मोजूं लागतो, म्हणून तो घरींच ठेवलेला बरा.

कागदावर मात्र काटकसर करूं नये. तीनशें ग्रॅम वजनाचा, खरबरीत कागद लागतो. वहीचा पातळ कागद पाणी लागतांच पापडासारखा फुगतो. आमच्या मराठवाड्यांत दौलताबादेहून वेरुळास जातांना कागजीपुरा लागतो. हाताच्या कागदाची तेथली परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत नेतात. असा हातकागद घेण्यापूर्वीं कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कागदाला खळ चांगली आहे. टिपकागदाप्रमाणें तो पिऊन टाकला, तर त्या कागदाचीं पाकिटें करावींत.

आतां आपण गंजीसमोर जाऊन बसूं. चैत्रांतली संध्याकाळ, मावळायला पाऊण तास आहे. दक्षिणेकडे तोंड करून बसावें, म्हणजे सूर्य उजव्या हाताला येतो. गंजीचें उजवें अंग उजळतें, डावें अंग सांवलींत जातें, आणि तिची लांब सांवली डावीकडे ढेकळांवरून पसरते. स्वतः लिंबाच्या आडोशाला बसावें. कागदावर ऊन पडूं दिलें तर तो इतका झळकतो कीं, रंग गडद करण्याचा मोह होतो, आणि घरीं येऊन पाहावें तों चित्र काळवंडलेलें.

बसल्यावर पांच मिनिटें कांहीं करूं नये, फक्त डोळे अर्धे मिटून पाहावें. डोळे किलकिले केले कीं पेंढ्या दिसेनाशा होतात, दोर दिसेनासा होतो, बाभळीच्या फांद्या एकमेकींत मिसळतात. उरतात ते चार डाग: गंजीचें उजळ अंग, आभाळ, जमीन आणि सांवली. सर्वांत उजळ कोणता, सर्वांत गडद कोणता, हें मनाशीं ठरवावें. मुलांना मी तें मोठ्यानें बोलावयास लावतों. बोलल्याखेरीज कोणी पाण्याला हात लावावयाचा नाहीं. मग पेन्सिलीनें पांच-सहा रेघा. क्षितिज कागदाच्या मधोमध घेऊं नये, खालीं घ्यावें. आमच्या भागांत आभाळाला जागा जास्त लागते.

फळी किंचित् कलती धरून गंजीचें उजळ अंग सोडून बाकीचें आभाळ स्वच्छ पाण्यानें भिजवावें. क्षितिजाजवळ पिवडीचा अगदीं पातळ हात, त्याच्यावर अलिझरीनचा पुसट, आणि माथ्याकडे कोबाल्ट. पिवळ्याला निळा थेट भेटला तर आभाळ हिरवें पडतें. मध्यें तांबूस बसविला कीं दोघांचें भांडण होत नाहीं. हे रंग ओल्यांत आपापले पसरतील, त्यांच्या मागें लागूं नये. दूरची पठाराची कड याच ओलींत निळसर करून ठेवावी, म्हणजे तिची कडा विरघळते व ती दूर जाते. ओलीवर ओलें म्हणजे दूर आणि मऊ, कोरड्यावर ओलें म्हणजे जवळ आणि धारदार. अंतर दाखविण्याचें एवढें साधें साधन दुसऱ्या कोणत्याही रंगांत नाहीं.

येथें आमच्या हवेविषयीं दोन शब्द. जलरंगाचीं जीं पुस्तकें आपल्या हातीं येतात त्यांतलीं पुष्कळशीं इंग्लंडच्या दमट हवेंत लिहिलेलीं आहेत. त्यांत 'कागद ओला असतांना सावकाश रंग सोडा' असें म्हटलेलें असतें. वैशाखांत घाटनांदूरच्या माळावर कागद सावकाशपणाला वेळच देत नाहीं. वाऱ्याची एक झुळूक आली कीं अर्धें आभाळ वाळून बसतें आणि मधोमध कडा उमटते. त्यावर उपाय असा कीं, कागद दोन्ही बाजूंनीं भिजवून फळीवर बसवावा, पाण्यांत ग्लिसरिनचे दोन-तीन थेंब टाकावे, आणि चित्र लहान, पोस्टकार्डाच्या दुप्पट काढावें. आषाढांत हेंच उलटें. तेव्हां कागद वाळतच नाहीं, आणि अर्धवट ओलीवर पाण्याचा थेंब पडला तर फुलकोबीसारखा डाग फुलतो. शहरांत गच्चीवर किंवा खिडकीशीं बसणारांनींही पंखा बंद करावा, हें सांगावयास हवें. आणखी एक: जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असतांना तो वाजवीपेक्षां जरा अधिक दिसला पाहिजे.

आतां सांवली. येथें माझ्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची खरी लढाई होते. एका मुलीनें गंजीची सांवली जांभळी रंगविली. घरीं आजीनें विचारलें, "सावली कधी जांभळी असते का ग? काळी असते काळी." पोरगी हुशार. ती वाद घालीत बसली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दिवस मावळतांना तिनें आजीला अंगणांत नेलें. दोरीवर पांढरें धोतर वाळत होतें आणि त्यावर शेवग्याच्या फांदीची सांवली पडली होती. आजीनें बराच वेळ पाहिलें आणि म्हणाली, "अग बाई, निळी की ग!" तुम्हांलाही हें घरीं पाहतां येईल. संध्याकाळीं पांचच्या सुमारास गच्चींत एक पांढरा कागद उन्हांत ठेवावा आणि त्यावर पेन्सिल उभी धरावी. जेथें ऊन पडतें तो भाग पिवळसर आणि पेन्सिलीची सांवली निळसर दिसते. त्याचें कारण साधें आहे. सांवलींत सूर्य पोंचत नाहीं, पण निळें आभाळ पोंचतें. तिच्यावर उजेड पडतोच. फक्त तो आभाळाचा असतो. शिवाय पिवळ्याच्या शेजारीं ठेवलेला करडा रंग डोळ्यांना जांभळ्याकडे झुकलेला दिसतो.

हा दुसरा भाग फ्रान्सांत एका रसायनशास्त्रज्ञानें नीट मांडला. शेव्रल हा पॅरिसच्या गोबेलँ नांवाच्या सरकारी गालिचा-कारखान्याच्या रंगखात्याचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार अशी कीं, तुमचा काळा रंग फिका उतरतो. त्यानें तपास केला तेव्हां काळा रंग निर्दोष निघाला. शेजारीं विणलेल्या रंगांमुळें तो फिका दिसत होता. शेजारी शेजाऱ्याचा रंग बदलतो, हा त्याचा सिद्धांत १८३९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आणि पुढच्या चित्रकारांना उपयोगी पडला. आपल्या घरांतल्या स्त्रियांना तो ग्रंथ वाचण्याची गरज नाहीं. ज्यांनीं धूपछांव पैठणी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, कीं उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असला कीं पदर हलतांना तिसराच रंग झळकतो. तो तिसरा रंग कोणत्याही रंगाऱ्याच्या कढईंत नसतो. तो पाहणाराच्या डोळ्यांत तयार होतो. मोनेचे तुटक तुटक फटकारे हेंच करतात. पैठण घाटनांदुराहून कांहीं पॅरिसइतकें लांब नाहीं.

तेव्हां सांवलीसाठीं अल्ट्रामरीन आणि अलिझरीन यांचें मिश्रण तबकडींत पुरतें घोटूं नये. अर्धवट मिसळलेलेंच कुंचल्यांत घेऊन गंजीच्या डाव्या अंगावर एका दमांत ठेवावें, आणि तें ओलें असतांनाच खालच्या कडेला बर्न्ट सिएन्नाचा एक थेंब सोडावा. तापलेल्या जमिनीचा उजेड गंजीच्या पायथ्याशीं परत उडतो, तो हा. उजळ अंगावर पिवडीचें पाणी फिरवावें. पण सर्वत्र नाहीं, मधून मधून कागद कोरा राहूं द्यावा. ते कोरे तुकडे म्हणजेच ऊन. पुढच्या काळ्या जमिनीसाठीं अल्ट्रामरीन व सिएन्ना. कुंचला जवळजवळ कोरडा करून कागदाच्या खरबरीत अंगावरून आडवा ओढला कीं ढेकळें आपोआप उमटतात. आपण तिला काळी जमीन म्हणतों, पण तिरप्या उन्हांत ती जांभूळ आणि तपकिरी यांच्या मध्यें कोठें तरी असते. काळी ती सातबाऱ्याच्या बोलण्यांत!

एवढें व्हावयास अर्धा-पाऊण तास पुरे. तोंवर सांवली हातभर सरकलेली असते. सरकलेल्या सांवलीच्या मागें चित्र दुरुस्त करीत जाणें व्यर्थ. एका कागदावर दोन वेळा मावत नाहींत. कांहीं पालक मला विचारतात, मोबाईलमध्यें फोटो काढून घरीं निवांत बसून कां रंगवूं नये? रंगवावें, बंदी नाहीं. पण फोटोंत सांवलीचा तो निळसरपणा बहुधा मेलेला असतो, आणि पाऊण तासाची घाई, जी माणसाला पेंढ्या मोजूं देत नाहीं, ती फोटोंत नसते.

कांदिन्स्की हा रशियन चित्रकार तरुणपणीं, १८९६ च्या सुमारास, मॉस्कोला एक प्रदर्शन पाहावयास गेला. तेथें मोनेची एक गंज होती. तें काय आहे हें त्याला ओळखूं येईना. सूचिपत्रांत नांव वाचल्यावर उलगडा झाला, असें त्यानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. आमच्या येथें असा प्रकार घडला नाहीं, कारण पाहणारा तयारीचा होता. मुलांचीं चित्रें जमिनीवर वाळत पडलीं होतीं. खळ्याचे मालक बैल सोडून तेथें आले आणि वाकून एकेक पाहूं लागले. गंज कोणाची आहे हें त्यांना सांगावयास नकोच होतें. एका चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, हे मागल्या रविवारचं हाय का? परवा आभाळ आलं होतं तवाचं?" खरोखरच तें मागच्या रविवारचें होतें आणि त्या दिवशीं ढग होते. मग दुसऱ्याकडे वळून, "आन् हे पोरानं लई उशिरा सुरू केलंय." तेंही खरें होतें. रेघ वांकडी आहे, बैलाला तीनच पाय आहेत, यांतलें त्यांनीं कांहीं काढलें नाहीं. चाळीस-पन्नास वर्षें ज्यानें आभाळ पाहून पेरणी केली, त्याला चित्रांतली वेळ वाचतां आली.

तेव्हांपासून चित्राच्या पाठीवर तिथि, वेळ, वारा आणि आभाळ लिहिण्याचा परिपाठ आम्हीं ठेवला आहे. एका वर्षीं मुलांनीं ठरविलें कीं, फाल्गुनापासून मृगापर्यंत एकाच जागीं बसून तीच गंज काढावयाची. मोनेच्या गंजीहून आमच्या गंजीची गोष्ट निराळी झाली, कारण आमची गंज जनावरें खात होतीं. दर रविवारीं ती थोडी खालीं बसे. चैत्रांत ती बाभळीच्या शेंड्याला पोंचत होती, वैशाखांत मालकांच्या खांद्याशीं आली, आणि तिच्या मागें आजवर झांकलेली पठाराची निळी कड हळूंहळूं उघडी पडूं लागली. मृगाचा पहिला पाऊस झाल्यानंतरच्या रविवारीं आम्ही गेलों तेव्हां उरलासुरला कडबा गोठ्यांत नेलेला होता. जेथें गंज होती तेवढी जागा कोरडी, फिकी, आणि भोंवतालचें रान भिजून गडद. मुलें आपापल्या जागीं बसलीं. त्यांनीं त्या फिक्या चौकोनापुरता कागद कोरा सोडला आणि बाकीचें भिजवावयास सुरुवात केली.